गाडी झोपत नाही

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरचं टोक उघड्या दाराच्या कुलपात घातलं आणि खट्कन फिरवलं. दार सताड उघडंच होतं, पण आता गाडीला वाटत होतं की ते बंद आहे. बाकीच्या दारांनाही त्याने तसंच फसवलं, बॉनेटच्या खटक्याला फसवलं, गाडी लॉक केली आणि किल्ली ठोक्याच्या हातात कोंबली.

"जा, लांब घेऊन जा ही. कोपऱ्यावर चहा पी. मी हाक मारल्याशिवाय येऊ नकोस."

"काय दिवस आलेत," ठोक्या म्हणाला. "एका किल्लीला फिरवून आणायला माणूस लागतो."

ठोक्या म्हणजे शेजारच्या गाळ्यातला डेंटर. चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणं हा त्याचा धंदा, आणि माणसांशीही तो तसाच बोलायचा. तो रेंगाळत निघून गेला. मिस्त्रीने बॅटरीच्या काळ्या वायरीभोवती मीटरचा चिमटा अडकवला आणि गाडी किती वीज खातेय त्या आकड्याकडे बघत बसला.

आकडा आधी मोठा होता, मग टप्प्याटप्प्याने उतरायला लागला. गाण्यांचं मोड्यूल, म्हणजे गाणी चालवणारा छोटा संगणक, झोपलं. काचांचं झोपलं, आरशांचं झोपलं. सगळ्यात शेवटी, सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारं मोड्यूलही झोपलं, आणि आकडा इतका खाली आला की एवढ्याशा खर्चावर ही गाडी महिनाभर खुशाल उभी राहिली असती.

"झोपली बघ," ठोक्या परत आल्यावर मिस्त्री म्हणाला. "इथे कशी शहाण्या बाळासारखी झोपते. घरी नेली की हिच्या अंगात काय येतं देव जाणे."

सगळं दुखणं तिथेच होतं. घराशेजारच्या मोकळ्या जागेत, खिडकीखाली, ती दोन-चार दिवस उभी राहिली की पुढची छोटी बॅटरी ठार मरायची. मिस्त्रीने बॅटरी नवी टाकली, ती मेली. फ्यूज एकेक काढून पाहिले. लॅपटॉप जोडून एकूण एक मोड्यूलला विचारलं, तर सगळ्यांची एकच रड: व्होल्टेज कमी पडलं. का कमी पडलं, ते कुणी सांगेना. उभा जन्म गाड्यांच्या वायरी सोडवण्यात गेला, आणि स्वतःच्या घरातल्या गाडीपुढे हात टेकायची पाळी आली.

स्वतःच्या म्हणजे पान्याच्या. पान्या म्हणजे मिस्त्रीचा एकुलता एक मुलगा. लहानपणी दहा नंबरचा पाना मुठीत धरल्याशिवाय झोपायचा नाही म्हणून पान्या. मोठा झाला, शिकला, बापाच्याच गॅरेजात उभा राहिला, लॅपटॉप घेऊन आला. "बाबा, ह्या गाड्यांना आता बोलता येतं, तुम्ही त्यांना नुसतं टोचत बसता," म्हणायचा. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं. हॉस्पिटलात गेला तो स्वतःच्या पायांनी चालत गेला, आणि आला तो तसा नाही आला.

गाडी त्याने आणि सुनेने मिळून घेतली होती. माइल्ड हायब्रिड. घेतली त्या दिवशी जेवताना त्याने ताटाशेजारी दोन वाट्या मांडून आईबापांना ती समजावली होती.

"हिच्यात बॅटऱ्या दोन. पुढे ही छोटी, नेहमीची, बारा व्होल्टची. सीटखाली ही मोठी, अठ्ठेचाळीसची. गाडी जोर लावते तेव्हा मोठी इंजिनाला हात देते. ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद परत स्वतःत भरून घेते. आणि तिच्यातलं थोडं थोडं छोटीला मिळत राहतं. कुणी कुणाला किती द्यायचं, कधी द्यायचं, ते मोड्यूल ठरवतं."

"म्हणजे घरात मी," आई म्हणाली होती.

सुनेला हसता हसता पाण्याचा ठसका लागला होता.

"आणि छोटी मेली तर?" मिस्त्रीने विचारलं होतं.

"मग मोठी भरलेली असली तरी उपयोग नाही. तिला जागं करणारं मोड्यूल छोटीवर चालतं ना."

"हा कुठला शहाणपणा? भरलेला हंडा शेजारी आणि माणूस तहानेने मेला?"

"अहो बाबा, त्याने मागायला तर पाहिजे!"

ते वाक्य मिस्त्रीला हल्ली वेळीअवेळी आठवायचं. घरात आता दोनच माणसं उरली होती आणि कुणीच कुणाकडे काही मागत नव्हतं. सून माहेरी गेली होती. बायको वेळेवर जेवायला वाढायची, वेळेवर दिवे लावायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. पूर्वी संध्याकाळी बापलेक गाडीतून आले, गाडी लॉक होताना टिकटिक वाजली, की ती आतूनच, मान वर न करता ओरडायची, "बूट बाहेर काढ!" ओरडायची पान्याला, ऐकायचे दोघं. आता मिस्त्री ग्रीसने माखलेले बूट घेऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचा आणि त्याला कुणी काही म्हणायचं नाही. सुरुवातीला त्याने मुद्दाम ठसे उमटवून पाहिले होते. तिने गुपचूप पुसले.

"रविवारी सून येतेय," मिस्त्री मीटर गुंडाळत म्हणाला. "तिकडे नोकरी लागली तिला. गाडी घेऊन जाईल. एवढा लांबचा रस्ता, एकटी पोर. मध्ये कुठे बंद पडली म्हणजे?"

"मिस्त्री, खरं सांगू?" ठोक्याने हातोडी खाली ठेवली. "तुला ती नीट व्हायलाच नकोय. नीट झाली की सून नेणार. ती गेली की तुमच्या दारात त्याचं असं काय राहणार?"

"तोंड सांभाळ."

"सांभाळलं. पण इतक्या दिवसांत तुला एक बिघाड सापडत नाही, हे मला तरी पटत नाही."

मिस्त्री मीटरची वायर पुन्हा गुंडाळायला लागला. पोराला वाचवणं काही त्याच्या हातात नव्हतं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधल्या बाकावर हात मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला होता, आयुष्यात पहिल्यांदा हातांना काही काम नव्हतं. निदान पोराची गाडी तरी सुनेच्या हातात धडधाकट द्यायची, एवढं एकच काम त्याच्याकडे उरलं होतं. ते झालं की काहीच उरणार नव्हतं, हेही खरं होतं. ठोक्याने नेमका तिथेच हातोडा घातला होता.

"घरी बिघडते ना ती?" ठोक्या जरा मऊ होऊन म्हणाला. "मग घरीच बस तिच्या उशाशी. काही आजारी माणसांचा ताप डॉक्टरला बघूनच उतरतो." आणि बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ऊन उतरायच्या वेळी गाडी घरी आणली. सीट अजून पान्याच्या उंचीला होती, त्यामुळे क्लचपर्यंत पाय जेमतेम पुरायचा, पण ती पुढे ओढावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं. नेहमीच्या जागी, पान्याच्या खोलीच्या खिडकीखाली, त्याने गाडी लावली. दारं आणि बॉनेट आधीसारखी फसवली. लॉक करून आत गेला आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात टाकली. हा डबा पान्याने आणलेला. किल्ली गाडीजवळ ठेवली तर गाडीला वाटतं मालक आलाय, मग ती उठून बसते, म्हणून रात्री किल्ली लांब आणि पत्र्यात, असा त्याचा नियम होता. मिस्त्रीने तो एक दिवसही मोडला नव्हता. बायको मोरीत कपडे धूत होती. पाण्याच्या आवाजात तिला त्याची चाहूल लागली की नाही कुणास ठाऊक. तो तसाच मागल्या दाराने बाहेर पडला.

उघड्या बॉनेटच्या आडोशाला, रंगाचा रिकामा डबा उपडा घालून तो मीटर मांडीवर घेऊन बसला.

आकडा उतरला. अर्ध्यावर आला आणि परत चढला. पुन्हा उतरला, पुन्हा चढला. झोप न लागणारं माणूस कूस बदलत राहतं तसं गाडीचं चाललं होतं. हात न लावता, वारा न सुटता, मोड्यूलं डोळा लागतोय तोच दचकून उठत होती.

मिस्त्री मीटरवर वाकला. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांसमोर होत होतं. ही खूण त्याला माहीत होती. अशी चुळबुळ गाडी करते ती जवळपास किल्ली असली की. पण किल्ली तर डब्यात, घराच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि दुसरी, पान्याची, ती हॉस्पिटलातच कुठेतरी हरवली होती. तिथून मिळालेली पिशवी बायकोनेच उघडली होती. घड्याळ होतं, पाकीट होतं. "किल्ली?" त्याने विचारलं होतं. "नव्हती," ती म्हणाली होती. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्याने दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं. गाडीतलं इंच न् इंच त्याने तपासलं, पण घराकडे संशयाने बघावं हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

अंधारायला लागलं होतं. रोज बापलेक घरी यायचे ती वेळ.

टिकटिक.

पिवळे दिवे दोनदा लुकलुकले. मिटलेले आरसे घरघरत उघडले. दारांच्या मुठींखालचे बारके दिवे लागले आणि मीटरवरचा आकडा धाडकन वर गेला. मिस्त्रीने बॉनेट आणि काचेमधल्या फटीतून वर पाहिलं.

खिडकीत बायको उभी होती. खिडकीलगतच्या खुंटीवर पान्याचा गॅरेजातला निळा शर्ट होता. एका हाताने तिने त्याची बाही धरली होती. दुसरा हात शर्टाच्या खिशात होता. ती उघडणाऱ्या आरशांकडे बघत होती, आणि तिचा चेहरा, देवा, किती दिवसांनी तिचा चेहरा तसा मोकळा होता.

"बूट बाहेर काढ," ती हळूच म्हणाली. "आत्ताच लादी पुसलीय."

मग ती थांबली, कुणीतरी उत्तर देईल म्हणून माणूस थांबतं तेवढीच. गाडीने आपणहून पुन्हा लॉक करून घेतलं, आरसे मिटले, दिवे विझले. खिडकीतलं माणूस आत गेलं.

मिस्त्रीला वाटलं, उठावं, धावत आत जावं, तिला जवळ घ्यावं, म्हणावं की अगं वेडे, मलाही सांगायचंस, मीही उभा राहिलो असतो तुझ्याबरोबर. पण आपण पाहिलंय हे तिला कळलं, तर उद्यापासून ही एवढी संध्याकाळही तिच्या हातून जाईल. तो अंधारात डब्यावर बसून तोंडात बोळा कोंबून रडला. मग त्याने चिमटा सोडवला, वायर गुंडाळली, आणि बराच वेळ रस्त्यावरून उगाच फिरून नेहमीच्या वेळी घरी आला.

सकाळी ती मागे दोरीवर कपडे वाळत घालत असताना मिस्त्री पान्याच्या खोलीत गेला. शर्टाला हात लावायला त्याला धीर गोळा करावा लागला. खिशात किल्ली होती. लॉक उघडायच्या बटणावरची खूण पुसट झाली होती. त्याने नखाने झाकण उघडलं, आतला रुपयाएवढा सेल काढून स्वतःच्या खिशात टाकला, झाकण बसवलं आणि किल्ली होती तशी परत ठेवली. बिघाड निघाला. आयुष्यात इतकी सोपी दुरुस्ती त्याने केली नव्हती, आणि इतकी वाईटही.

त्याने सुनेला फोन लावला.

"झाली गं गाडी. ये तू रविवारी."

"खरंच? काय झालं होतं हो बाबा?"

"एक मोड्यूल झोपत नव्हतं."

"मग काय केलंत?"

"झोपवलं," मिस्त्री म्हणाला. "ठेवतो. गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक वगैरे काही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याला गॅरेजात बसवेना. तो लवकर घरी आला आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिला. बायको पान्याच्या खोलीत गेली. घर इतकं शांत होतं की बटणाचा आवाज पार ह्या टोकापर्यंत ऐकू आला. टक्. बाहेर काही झालं नाही. पुन्हा टक्. मग जरा थांबून, जोरात दाबल्यासारखं, टक्, टक्, टक्.

मिस्त्रीने आयुष्यात मेलेल्या बॅटऱ्यांचे ढीग पाहिले होते, स्टार्टर मारताना येणारा तो रिकामा टकटक आवाज रोजचाच होता. पण हा त्याला सहन होईना. तो उठला, पत्र्याचा डबा उघडला, आपली किल्ली काढली आणि खिडकीतून हात बाहेर काढून दाबली.

टिकटिक. दिवे लुकलुकले. आरसे उघडले असणार, त्यांची घरघर आली.

मिस्त्री वाट बघत उभा राहिला. आता ती बोलेल. बूट बाहेर काढ म्हणेल. म्हण गं, म्हण एकदा. पण खोलीतून अवाक्षरही आलं नाही. आरसे मिटले, तरी आलं नाही.

बऱ्याच वेळाने बायको दारात आली. तिने त्याच्याकडे पाहिलं, उघड्या डब्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. त्याने किल्ली लपवायला हवी होती, पण हात जागचा हलला नाही.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

"टाक."

तिने चहा टाकला. दोघांनी तो समोरासमोर बसून प्यायला. 

रविवारी सून आली. पहिल्यापेक्षा वाळली होती. सासूने तिला पोटाशी धरलं, सोडलं, परत धरलं. सामान मागे लागलं. मिस्त्रीने तिला बॉनेट उघडून छोटी बॅटरी दाखवली, जम्पर वायरी कशा जोडायच्या ते दाखवलं, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"बाबा, आलं हो लक्षात," सून म्हणाली. "मी रोज फोन करीन."

ती चाकामागे बसली. पाय पुरेनात, म्हणून तिने खालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली. कर्रर्र आवाज झाला आणि सीट तिच्या जागी बसली. मिस्त्रीने मान फिरवली. सुनेच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून तशीच बसून राहिली.

तेवढ्यात सासू आतून आली. तिच्या मुठीत काहीतरी होतं.

"ही घे. दुसरी."

सुनेने तळहातावरच्या किल्लीकडे पाहिलं. "ही तर हरवली होती ना, आई?"

"माझ्यापाशी होती." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, सेल घाला ह्यात. तुमच्या खिशात आहे तो."

मिस्त्रीचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. सेल तिथेच होता, गेल्या दोन दिवसांत शर्ट बदलला तरी त्याने सेल नव्या खिशात ठेवला होता. त्याने किल्ली घेतली. झाकण उघडून बसवायला गेला तर सेल बोटांतून निसटून मातीत पडला. बायको वाकली, तिने तो उचलला, पदराला पुसला आणि स्वतःच बसवला.

"असाच ना?" तिने विचारलं.

"असाच," मिस्त्री म्हणाला.

तिने एकदा बटण दाबलं. टिकटिक. मग किल्ली सुनेच्या हातात दिली आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

"गाडीपासून लांब ठेवत जा गं रात्री. पत्र्याच्या डब्यात. नाहीतर तिला झोप लागत नाही."

सून रडत होती की मान हलवत होती ते कळत नव्हतं. इंजिन सुरू झालं, मोठ्या बॅटरीवर चालणाऱ्या मोटरने आवाजही न करता ते फिरवलं. वळणावर तिने ब्रेक मारला तेव्हा मागचे लाल दिवे लागले. मोठी बॅटरी आता थोडी भरली असेल, असं मिस्त्रीच्या मनात आलं. मग गाडी दिसेनाशी झाली.

दिवसभर काय करायचं ते न कळून तो गॅरेजात गेला. ठोक्याने त्या दिवशी एकही थट्टा केली नाही. संध्याकाळी मिस्त्री चालत घरी आला. खिडकीखाली तेलाचा एक डाग आणि उपडा डबा, एवढंच होतं. खिडकीत कुणी नव्हतं. टिकटिक वाजायला आता काही उरलं नव्हतं, आणि नेहमीच्या सवयीने तो बुटांसकट उंबऱ्यापर्यंत आला.

"बूट बाहेर काढा," आतून आवाज आला. "आत्ताच लादी पुसलीय."

मिस्त्रीने आत पाहिलं. लादी ठणठणीत कोरडी होती. त्याने एक पाय मागे घेतला, पायरीवर बसला, आणि नाड्यांची गाठ सोडवायला लागला. गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा ती बाहेर आली आणि शेजारी बसली.